हवेच्या पेटीतला केस

केस ओला झाला की लांबतो आणि वाळला की आखडतो. माणसाचा असो की जनावराचा. हे मला चौथीत कळलं, आणि त्यानंतर शाळेत काही कळण्याची सोय राहिली नाही, ती या केसापायीच. लोक मला समजावतात, मावशी, तो काळच तसा होता. काळाला काय हात असतात? जे केलं ते माणसांनी केलं, आणि ती माणसं माझ्या घरातली होती, माझ्या शेजारची होती. एक माझ्या शाळेतलं होतं.

आमचं घर सोनगीरला, तांबटांच्या आळीत. उजाडताच कुणाची तरी हातोडी सुरू व्हायची, मग दुसऱ्याची, आणि भाकरीच्या वेळेपर्यंत सगळी आळी हंडे, घागरी, पातेल्यांच्या ठोक्यांनी भरून जायची. बाहेरचा माणूस आला की कानावर हात ठेवायचा. आम्हाला ते ऐकूही यायचं नाही, उलट कुणाकडे सुतक असलं आणि ठोके थांबले की जीव घाबरायचा. या ठोक्यांमुळे आमच्या आळीतल्या माणसाला हळू बोलता येत नाही. नवराबायकोची कुजबुजसुद्धा चार घरं ऐकायची. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते मठारायला बसत, म्हणजे तयार भांड्यावर बारीक ठोक्यांची नक्षी उठवत, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. माय चिंच आणि राख घेऊन भांडी उजळायची. तिच्या बोटांची कातडी आंबटानं कायम पांढरी पडलेली असे, आणि त्याच हातांनी ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. थंडीत तुराट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जायची, वर कच्च्या तेलाची धार, शेजारी ठेचा. खाण्यापिण्याचं आमच्याकडे कमी नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. माझं जे गेलं ते गरिबीनं गेलं नाही.

घर चालवायची अक्का, भाऊंची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती परत आली ती कायमची. अक्काला दोन गोष्टींचं भय होतं, करणीचं आणि लोकांचं. दोन्हीत केस येतो. विंचरून निघालेला केस इकडेतिकडे टाकायचा नाही, त्याची गुंडाळी करायची, तिच्यावर तीनदा थुंकायचं आणि चुलीमागच्या कोनाड्यात खुपसायची. केसांच्या बदल्यात सुया-फण्या देणारी बाई दारात आली तर अक्का तिला हाकलून द्यायची. "आपला केस परक्याना हातमा गया का आपन गयात," असं ती म्हणायची. आळीतल्या सगळ्याच बायका असं मानायच्या. मी पण मानत होते. गुंडाळीवर मीही थुंकत होते.

तर गुरुजी. ते जळगावकडचे, तरुण, लग्न न झालेले, आणि शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. बाकीचे मास्तर पाढे म्हणून घेत आणि तंबाखू मळत. हे गुरुजी आम्हाला विचारायचे, आज हवेत पाणी किती आहे? आम्ही हसायचो. हवेत कुठलं पाणी? मग त्यांनी ठरवलं की मुलांनी मिळून हवेची पेटी करायची, आणि ती धुळ्याच्या प्रदर्शनात न्यायची. पैसे कुणाकडे नव्हते, म्हणून ज्याच्या घरी जे असेल ते त्यानं आणायचं. पाटलांच्या सुभाषनं चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. त्यांच्या पट्ट्या कापून, मधे फटी सोडून सुतारानं पेटी ठोकून दिली, आत वारा खेळावा पण ऊन जाऊ नये अशी. तिला पांढरा रंग दिला. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून पत्र्याचा कोंबडा केला आणि तो सायकलच्या छऱ्यांवर बसवला, म्हणजे झुळकेनंही फिरायचा. पावसासाठी सरबताची बाटली आणि तिच्यावर नरसाळं. ते नरसाळं भाऊंनी तांब्याचं करून दिलं, काठ मठारून, हंड्याला करावी तशी नक्षी काढून. गुरुजी म्हणाले, "अहो, पावसाला नक्षी कशाला?" भाऊ म्हणाले, "धुयाले जाई ना ते? मंग लोक देखतीन." पारा चढायच्या दोन नळ्या तेवढ्या विकत आणल्या होत्या. एकीच्या टोकाला ओली चिंधी बांधलेली असे, ती मी भिजवायची.

केसाचं यंत्र सगळ्यात शेवटी झालं. उभी फळी, वर एक खिळा. खिळ्याला केसाचं एक टोक बांधायचं, दुसरं टोक खाली दोऱ्याच्या रिकाम्या रिळाला एक वेढा देऊन लोंबतं सोडायचं, आणि त्याला तांब्याचा लहानसा तुकडा अडकवायचा म्हणजे केस ताणलेला राहतो. रिळाला खराट्याची काडी. हवा दमट झाली की केस लांबतो, रीळ फिरतं, काडी खाली येते. कोरडी झाली की काडी वर. मागे पोस्टकार्डावर रेघा मारलेल्या. इतकंच यंत्र. पण त्याला केस हवा हातभर लांब, सरळ, बारीक, आणि मुख्य म्हणजे बिनतेलाचा. मुलांचे केस गवतासारखे कापलेले. वर्गात मुली आम्ही चार. दोघींच्या डोक्यात उवा म्हणून केस मानेपर्यंत उतरवलेले, तिसरीचे कुरळे. गुरुजी म्हणाले, "वत्सला, तुझे चालतील. पण आईला विचारून आण. न विचारता आणायचा नाही."

मी मायला विचारलं. हे मी इथे मुद्दाम ठळक लिहिते. गुरुजींनी माझ्या डोक्याला हात लावला नाही आणि मी चोरून काही केलं नाही. माय आधी नको म्हणाली. मग मी तिला सांगितलं की पेटी घेऊन जो धुळ्याला जाईल आणि तिथे उभा राहून लोकांना समजावून सांगेल, त्यासाठी गुरुजी मला निवडणार आहेत. धुळ्याला त्यांची बहीण मुलींच्या शाळेत शिकवते, शाळेला राहायची सोय आहे. मी तिथे नीट बोलले तर ती मोठ्या बाईंकडे माझं नाव टाकणार आहे. म्हणजे पाचवी धुळ्याला. भाऊंनाही गुरुजींनी हे सांगितलं होतं, आणि भाऊ नाही म्हणाले नव्हते. "पेटी जाऊ दे धुयाले, मंग देखू," असं म्हणाले होते. आमच्या घरात यालाच होकार म्हणतात.

मायनं पंधरवडाभर माझ्या डोक्याला तेल लावलं नाही. रिठ्यानं धुवायची, आणि अक्कानं विचारलं की सांगायची, "उवा झाल्यात, अक्का, तेल लावं का वाढतस." मग एका दुपारी अक्का देवळात गेलेली बघून तिनं मला परसात बसवलं, मानेजवळून केसांची एक बारीकशी बट निवडली आणि भाऊंच्या कात्रीनं कापली. जिथे कापलं तिथे बोट दाबून धरलं, जसं काही रक्त येणार होतं. बट कागदात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चांगलं बोल तठे. धुयाना लोक देखतीन तुले." तिचं हे एवढं बोलणं मला आजही आठवतं. पुढचंही आठवतं.

माझी नात जुई जळगावला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिनं जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला होता. केळीच्या बागेत ठेवायचं यंत्र, कॉलेजचं काम. फोनवरून मागवलेलं सामान खोक्यातून आलं. हिरवी पट्टी, तिला किड्यासारखे पाय, रंगीत वायरी, बॅटरी, आकडे दाखवायची काचेची पट्टी, आणि नखाएवढी पांढरी जाळीची डबी. गरम सळईनं ती एकेक वायर चिकटवत होती आणि डाखाचा वास घरभर झाला होता. तो वास मला नवा नाही. पांढऱ्या डबीवर तिनं तोंडानं हा करून वाफ सोडली तर आकडे भराभरा चढले. म्हणाली, "आजी, हे हवेतला दमटपणा मोजतं." मी म्हटलं, "माहीत आहे. आमच्यात काडी खाली यायची." तिला वाटलं मी काहीतरी वेगळंच बोलतेय. तिच्या बापानं यंत्राचे पैसे न विचारता दिले, आणि हे यंत्र दाखवायला ती मुलामुलींबरोबर पुण्याला जाऊन आली. मला आनंद झाला का, असं सुनेनं विचारलं. झाला. पण आधी पोटात आग पडली, मग झाला.

असो. पेटी धुळ्याला नेण्याआधी गावाला दाखवायची ठरली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अंगणात टेबलं मांडली. आळीतली सगळी माणसं आली, कारण भाऊंचं नरसाळं होतं. भाऊ धुतलेली टोपी घालून नरसाळ्याच्या बाजूलाच उभे होते आणि कुणी विचारो न विचारो, काठ बोटानं दाखवत होते. बायका कुंपणाबाहेरून बघत होत्या, त्यात माय आणि अक्का. सुभाषनं कोंबडा फिरवून दाखवला. मग माझी पाळी. मी केसाच्या यंत्राभोवती ओलं फडकं धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आता बघा." काडी हळूहळू खाली यायला लागली. कुणी हात लावला नव्हता, दोरी ओढली नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "भूत शे का काय?" मी म्हटलं, "भूत नही, बाबा, हवाना खेळ शे," आणि फडकं काढलं, काडी परत वर निघाली. मला वाटलं, मी धुळ्यातच उभी आहे.

तेव्हा धोंडूनाना पुढे आले. तेही तांबट, आमच्या समोरच्या घरातले, आणि नरसाळ्याचं काम आपल्याला का सांगितलं नाही म्हणून त्यांच्या पोटात दुखत होतं. वाकून केस बघितला आणि म्हणाले, "हाई कोना केस शे वं, वच्छी? गायना का म्हैसना?"

मी आमच्या आळीच्या आवाजात सांगितलं, "मन्हा शे!"

"तुन्हा?" नानांनी भाऊंकडे बघितलं, मग गुरुजींकडे, मग सगळ्या अंगणाकडे. "वा रे मास्तर! बापनं नरसाळं लिधं, आंडेरना केस लिधा. आते काय, आक्षदाच बाकी शेतस!"

अंगणभर हसू फुटलं. कुणीतरी मागून म्हणालं, "मंगलाष्टका म्हना रे कोनी!" आणखी हसले. मी पण हसले, कारण सगळे हसत होते आणि मला वाटलं माझं कौतुक चाललंय. आंडेर म्हणजे मुलगी, आक्षदा म्हणजे अक्षता, हे कळायचं वय होतं, पण यात वाईट काय ते कळायचं नव्हतं. गुरुजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते म्हणाले, "नाना, हा विज्ञानाचा..." भाऊ हसत नव्हते. त्यांचं बोट अजून नरसाळ्याच्या काठावरच होतं.

घरी भाऊ आधी जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली, हात धुतले, आणि मग विचारलं, "केस कोनी काप्यात?"

अक्का म्हणाली, "कोन कापी? हाई पोरनी सवता काप्यात. तरी मी म्हनू, तेल काबरं नही लावत. उवा म्हने! बठ्ठा गाव हसी ऱ्हायना. शिंदखेडावाला कालदिन इचारी गयात आपला घर, त्यास्ना कानवर जाई ते?"

शिंदखेड्याचं एक घर माझ्यासाठी चाचपून गेलं होतं हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. म्हणजे भाऊंच्या मनात धुळंही होतं आणि शिंदखेडाही. कुठे काय जमतं ते बघत होते.

मी मायकडे बघितलं. ती चुलीपुढे बसून तव्यावरची भाकरी फिरवत होती. मी म्हटलं, "माय, सांग ना." तिनं वर बघितलं नाही. भाऊ म्हणाले, "तुले ठावकं व्हतं?" माय म्हणाली, "माले काय ठावकं? मी कव्हय शाळामा जास?" आणि भाकरी निखाऱ्यावर टाकली. ती फुगली. मी रडले नाही, ओरडलेही नाही. ती खोटं बोलली हे मी अक्काला सांगू शकले असते. सांगून उपयोग एवढाच झाला असता की मार दोघींना बसला असता. त्या दिवशी तो एकटीला बसला. पुढे माय बरीच म्हातारी होऊन गेली, शेवटी माझ्याच घरी होती, मी तिचं सगळं केलं. केस विंचरताना तिची गुंडाळी माझ्या हातात यायची. आम्ही दोघींनी त्या दिवसाचा विषय काढला नाही. तिला भीती होती, तिचंही काही चालत नव्हतं, हे मला समजतं. समजतं म्हणून मी माफ केलं असं नाही.

सोमवारी भाऊ मला घेऊन शाळेत गेले. पेटी वर्गाच्या कोपऱ्यात होती. भाऊ म्हणाले, "गुरुजी, तो केस द्या."

गुरुजी म्हणाले, "भाऊ, लोक काहीही बोलतात. चार दिवसांत विसरतील."

"तुम्हनी बदली व्हई. आम्हले आठेच राहनं शे."

त्यावर गुरुजींनी वाद घातला नाही. मी त्यांच्याकडे टक लावून उभी होते. मला वाटत होतं आता ते सांगतील की हिच्या आईच्या संमतीनं केस आणलाय, आता म्हणतील की केस घेऊन जा पण मुलीला राहू द्या, आता बहिणीचं नाव काढतील. त्यांनी खिळ्याची गाठ सोडवली, केस कागदात गुंडाळला आणि भाऊंच्या हातात ठेवला. उरलेली बटही टेबलाच्या खणातून काढून दिली. मग हळू आवाजात विचारलं, "नरसाळं पण नेता का?"

भाऊ म्हणाले, "नरसाळं राहू द्या. ते धुयाले जाऊ द्या."

"आणि वत्सला?"

"ती घर राही."

गुरुजी म्हणाले, "बरं."

अक्कानं मीठ-मिरच्या घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि केसांसकट चुलीत टाकल्या. मिरचीच्या खाटानं, त्या तिखट धुरानं, सगळ्यांना ठसका लागला, फक्त मला नाही लागला, त्यावरून अक्कानं ठरवलं की करणी होतीच. दुसऱ्या दिवसापासून मी मायच्या शेजारी चिंचेच्या पाण्यात हात घालून बसले. चौथीच्या परीक्षेला मात्र भाऊंनी बसू दिलं, कारण फी भरलेली होती. पास झाले. एवढंच माझं शिक्षण.

धुळ्याला सुभाष गेला. माझ्या केसाच्या जागी गुरुजींनी टांग्याच्या घोडीच्या शेपटीतला केस लावला. हे सुभाषनं मला आमच्या दारावरून जाताना ओरडून सांगितलं. म्हणाला, घोडीच्या केसानं काडी आळसानं हलते, पण हलते. पेटीला बक्षीस मिळालं. लोकांनी नरसाळ्याची नक्षी बघितली, भाऊंचं नाव विचारलं, आणि ते ऐकून भाऊ आठवडाभर खूश होते. घोडीला कुणी विचारलं नाही की तू कुणाच्या घरची आणि तुझा केस मास्तरच्या हातात कसा.

उन्हाळ्यात, सुट्टी लागायच्या आत, गुरुजी आमच्या घरी आले. प्रदर्शनवाल्यांनी पेटी धुळ्यालाच ठेवून घेतली होती, पुढच्या वर्षी नवी करायची होती, तर आणखी एक नरसाळं हवं होतं. भाऊंनी त्यांना ओट्यावर सतरंजी घातली. दोघं बराच वेळ बोलले. काठ केवढा ठेवायचा, तांबं किती पातळ ठोकायचं, धुळ्यात कोण काय म्हणालं. समोरून धोंडूनाना आले, तेही बसले, तेही हसले. अक्का आतून म्हणाली, "मास्तर मानूस चांगला शे, उगाच बोलू नये." कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. सगळं मिटलं होतं. मी एकटीच होते जिचं मिटलं नव्हतं, आणि मला भाऊंनी आतून चहा आणायला सांगितला.

मी कप गुरुजींच्या पुढे धरला. मला वाटलं, आता विचारतील, वाचतेस का गं घरी काही? एवढं विचारलं असतं तरी मी ते जन्मभर पुरवून खाल्लं असतं. त्यांनी एक घोट घेतला, भाऊंकडे बघूनच कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वत्सला, साखर जरा कमी घालत जा."

गुरुजींनी मला शिकवलेलं ते शेवटचं. तेव्हापासून माझ्या हातचा चहा कुणाला गोड लागलेला नाही, आणि मी तो मुद्दाम तसाच करते.